घरच्या राउटरसाठी डकडीएनएस: मुंबईतील जोडणीवर वापरून केलेले परीक्षण

घरच्या इंटरनेट जोडणीला बाहेरून गाठायचे असेल तर बहुधा डायनॅमिक डीएनएस, म्हणजे घराच्या बदलत्या पत्त्यासाठी एक कायमचे नाव देणारी सेवा, लागते. अशा सेवांपैकी डकडीएनएस ही विनामूल्य सेवा मी मुलुंडच्या घरी बराच काळ वापरत आहे. सेवा म्हणून ती उत्तम आहे, हे आधीच सांगतो. मात्र मुंबईत ती तुमच्या कामाला येईल की नाही, हे त्या सेवेवर फार थोडे अवलंबून असते. तुमच्या इमारतीत फायबर आणणारा पुरवठादार तुम्हाला कोणत्या प्रकारचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील अंकांचा पत्ता) देतो, यावर ते जवळजवळ सर्वस्वी ठरते. म्हणून या परीक्षणात सेवेइतकीच जागा जोडणीलाही दिली आहे.

आमची गरज साधी होती. घरात राउटरशेजारी एक रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे, त्याला हार्ड डिस्क जोडलेली आहे आणि तिच्यावर कुटुंबाची छायाचित्रे, विम्याचे व घराचे कागद आणि औषधांच्या चिठ्ठ्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत. दाराशी एक कॅमेरा आहे. दिवसभर घरी आई-बाबाच असतात, आणि फोर्टमधल्या कार्यालयातून एखादा कागद उघडता यावा किंवा दाराशी कोण आले आहे ते पाहता यावे, एवढीच अपेक्षा होती. हे सारे दुसऱ्याच्या क्लाउडवर न ठेवता घरातच ठेवायचे, तर घराचा इंटरनेटवरील पत्ता बाहेरून ठाऊक असायला हवा. अडचण अशी की घरगुती जोडणीचा पत्ता कायमचा नसतो. राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, पुरवठादाराकडील सत्र तुटून पुन्हा जोडले गेले, की बहुतेक वेळा नवा पत्ता हाती पडतो. स्थिर पत्ता मागितला तर त्याचे वेगळे शुल्क द्यावे लागते, आणि काही पुरवठादार तो केवळ व्यावसायिक ग्राहकांनाच देतात.

नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली, तेव्हा यंत्रांचे पत्ते क्वचितच बदलत असत. त्या नोंदी चालू स्थितीत बदलण्याची प्रमाण पद्धत १९९७ साली आरएफसी २१३६ या दस्तऐवजात आली. घरगुती वापराच्या सेवांनी मात्र त्याहून सोपा मार्ग धरला: घरातील एखादे यंत्र ठरावीक वेळाने सेवेच्या संकेतस्थळाला एक साधी वेब विनंती पाठवते, ती विनंती ज्या पत्त्यावरून आली तो पत्ता सेवा टिपून घेते आणि तुमच्या नावापुढे लिहून ठेवते. नाव तेच राहते, त्यामागचा पत्ता बदलत राहतो.

डकडीएनएसने हे काम जितके सुटसुटीत ठेवता येईल तितके ठेवले आहे. वेगळा पासवर्ड काढावा लागत नाही. गूगल किंवा गिटहब यांसारख्या आधीच्याच खात्याने प्रवेश करता येतो. आत गेल्यावर बदकाच्या चित्राखाली तुमचे खाते, त्याचा टोकन म्हणजे लांबलचक अक्षरांकांची गुप्त खूण, आणि खाली नाव नोंदवण्याची चौकट, एवढेच दिसते. एका खात्यावर ५ नावे विनामूल्य मिळतात आणि प्रत्येक नावाच्या शेवटी डकडीएनएस डॉट ऑर्ग हे येते. नाव नोंदवताच त्याच्यापुढे तुमचा त्या क्षणीचा पत्ता भरलेला दिसतो. त्यानंतरचे सारे काम एका दुव्यावर चालते: त्या दुव्यात तुमचे नाव आणि टोकन असतो, पत्त्याची जागा रिकामी सोडली की विनंती जिथून आली तो आयपीव्ही४ (म्हणजे नेहमीच्या, जुन्या पद्धतीचा) पत्ता सेवा स्वतःच ओळखते, आणि उत्तरादाखल फक्त दोन अक्षरे परत येतात. काम झाले असेल तर ओके, झाले नसेल तर केओ. अधिक तपशील हवा असेल तर दुव्याच्या शेवटी व्हर्बोज हा पर्याय जोडावा. मग पत्ता कोणता नोंदवला आणि तो बदलला की पूर्वीचाच राहिला, हेही उत्तरात येते. पहिल्या जुळणीच्या वेळी हा पर्याय अवश्य वापरावा, कारण नुसत्या ओके या उत्तरावरून चुकीचा पत्ता नोंदवला गेला आहे की काय हे समजत नाही.

आता राउटरकडे वळू. लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत घरगुती राउटर विचारला की डीडीएनएस म्हणजे डायनॅमिक डीएनएस आहे का, या प्रश्नाला विक्रेता हो म्हणतो आणि ते खरेही असते, पण त्या होकाराचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. बहुतेक राउटरांच्या प्रगत सेटिंगमध्ये डायनॅमिक डीएनएस असे पान असते आणि त्यात सेवांची एक ठरलेली यादी असते. टीपी-लिंकच्या अनेक राउटरांत त्या कंपनीची स्वतःची सेवा, नो-आयपी आणि डिनडीएनएस हे पर्याय मिळतात. असुसचे राउटर असुसकॉम डॉट कॉमच्या शेवटाचे नाव विनामूल्य देतात. मायक्रोटिकच्या राउटरांत आयपी क्लाउड नावाची सोय असून ती एका आज्ञेने सुरू होते, फक्त मिळणारे नाव यंत्राच्या अनुक्रमांकावरून बनलेले असल्यामुळे लक्षात राहत नाही. डकडीएनएस या ठरलेल्या याद्यांत सहसा नसते. ज्या राउटरमध्ये स्वतःचा दुवा लिहिण्याची मोकळी चौकट आहे, किंवा ज्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चढवता येते, त्यावर ते सहज चालते. ओपनडब्ल्यूआरटीच्या डीडीएनएस पॅकेजमध्ये तर ही सेवा आधीच समाविष्ट आहे.

ज्यांच्या राउटरमध्ये यांपैकी काहीच नाही त्यांनी खट्टू होण्याचे कारण नाही. पत्ता कळवण्याचे काम राउटरनेच केले पाहिजे असा नियम नाही; घरातील सदैव चालू असलेले कोणतेही यंत्र ते करू शकते, कारण बाहेर जाणारी विनंती राउटरच्याच पत्त्यावरून जाते. आमच्याकडे ते काम रास्पबेरी पाय करतो. ठरलेल्या वेळी काम करून घेणाऱ्या क्रॉन या साधनात दर ५ मिनिटांनी तो दुवा उघडण्याची एक ओळ लिहिली, उत्तर एका फाइलमध्ये साठवले, आणि विषय संपला. माझ्या मते हीच पद्धत राउटरमधील सोयीपेक्षा अधिक भरवशाची आहे. राउटरमधील पत्ता कळवणारे अनेक प्रोग्राम राउटरला मिळालेला पत्ता बदलला तरच विनंती पाठवतात, आणि ती एक विनंती काही कारणाने वाटेत हरवली तर पुढचा बदल होईपर्यंत गप्प बसतात. दर ५ मिनिटांची विनंती हरवली तर पुढची तिची जागा भरून काढते. मात्र ही मोकळीक डकडीएनएस देते म्हणून. डिनडीएनएसच्या जुन्या पद्धतीने चालणाऱ्या सेवांना पत्ता बदललेला नसताना वारंवार आलेल्या विनंत्या चालत नाहीत, त्या आधी नोचेंज असे उत्तर देतात आणि तरीही विनंत्या थांबल्या नाहीत तर नाव अडवूनही ठेवतात. तेथे वारंवारतेला आवर घालावा लागतो.

इथवरचे सारे काम चहा निवेपर्यंत होण्यासारखे आहे. खरा प्रश्न पुढे आहे, आणि मुंबईत तो दर दुसऱ्या-तिसऱ्या घरात भेटतो.

आयपीव्ही४ पत्ते ३२ बिटांचे असल्यामुळे सगळे मिळून ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. आशिया-प्रशांत भागासाठी पत्ते वाटणाऱ्या एपनिक या संस्थेकडील मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या राखीव गठ्ठ्यापर्यंत येऊन ठेपला आणि तेव्हापासून नव्या पुरवठादारांना पत्ते अगदी मोजून मिळू लागले. ग्राहक लाखांनी वाढत असताना पत्ते पुरणार कसे? त्यावर काढलेला तोडगा म्हणजे सीजीनॅट: पुरवठादार आपल्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो आणि प्रत्येकाला आतला खासगी पत्ता देतो. यासाठी १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतची पत्त्यांची पट्टी २०१२ साली आरएफसी ६५९८ ने राखून ठेवली. तुमच्या राउटरला असा पत्ता मिळाला असेल तर बाहेरून आलेली विनंती पुरवठादाराच्या यंत्रापर्यंत पोहोचते आणि तेथेच थांबते, कारण ती शेकडो ग्राहकांपैकी कोणाकडे पाठवायची हे त्या यंत्राला माहीत नसते. डकडीएनएस अशा वेळीही निमूटपणे ओके म्हणते, कारण तिच्या बाजूने काहीच चुकलेले नसते. नाव बरोबर पत्ता दाखवते, फक्त तो पत्ता एकट्या तुमच्या घराचा नसतो.

म्हणून नाव नोंदवण्याआधी एक तपासणी करावी. राउटरच्या मुख्य पानावर वॅन आयपी या मथळ्याखाली जो पत्ता दिसतो तो लिहून घ्यावा. मग त्याच जोडणीवरून आपला पत्ता दाखवणारे कोणतेही संकेतस्थळ उघडावे. दोन्ही पत्ते तंतोतंत सारखे असतील तर तुमचा पत्ता सार्वजनिक आहे आणि पुढे जाण्यास हरकत नाही. वॅन आयपीची सुरुवात १० ने, १९२.१६८ ने, १७२.१६ ते १७२.३१ यांपैकी एखाद्याने किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्याने होत असेल, तर तुम्ही कोणत्या तरी नॅटच्या, म्हणजे अनेक खासगी पत्ते एका पत्त्यामागे ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या, मागे आहात. आमच्या राउटरवर प्रथम १००.७२ ने सुरू होणारा पत्ता होता आणि संकेतस्थळावर वेगळाच दिसत होता. एवढ्या एका निरीक्षणाने पुढची सारी वाट स्पष्ट झाली.

त्यानंतर पुरवठादाराशी झालेला संवाद मुद्दाम सांगतो, कारण अनेकांना तो तसाच करावा लागेल. आमच्या पट्ट्यातील एका स्थानिक पुरवठादाराने जोडणी देताना सार्वजनिक आयपी मिळेल असे फोनवर सांगितले होते. तक्रार केल्यावर आलेला तंत्रज्ञ म्हणाला, “साहेब, आयपी तर सगळ्यांनाच येतो. नेट चालतंय ना?” त्याचा दोष नव्हता, रोज वेग आणि वायफायच्याच तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला हा भेद कोणी शिकवलेला नसतो. कार्यालयातील नेटवर्क पाहणाऱ्या माणसाशी बोलणे झाले तेव्हा मात्र दोन वाक्यांत काम झाले. म्हणून विनंती करताना शब्द नेमके वापरावेत: मला सीजीनॅटमधून बाहेर काढा, पत्ता बदलता असला तरी चालेल, पण तो सार्वजनिक हवा. बदलता सार्वजनिक पत्ता आणि स्थिर पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डायनॅमिक डीएनएस वापरणाऱ्याला पहिली पुरते. हा फरक न सांगितल्यास ग्राहकाला थेट स्थिर पत्त्याच्या वार्षिक शुल्काचा आकडा ऐकवला जातो. काही पुरवठादार असा बदल विनाशुल्क करून देतात, काही थोडे पैसे घेतात आणि काही साफ नकार देतात. जोडणी घेण्याआधी हे लेखी, निदान संदेशाने तरी, विचारून ठेवावे. एमटीएनएलच्या ट्रायबँड या जुन्या ब्रॉडबँड सेवेच्या काळात सार्वजनिक पत्ता आपोआपच मिळत असे, त्यामुळे त्या वेळी हे सारे केलेल्या मंडळींना आज जुनी कृती तशीच करूनही यश का येत नाही, याचा उलगडा यातून व्हावा.

पुरवठादाराने सार्वजनिक पत्ता दिला तरी एक अडसर उरू शकतो. फायबर जोडणीत घरी येणारी ओएनटी नावाची पेटी बहुधा स्वतःच राउटरचे काम करत असते. तिच्यामागे आपण विकत घेतलेला राउटर जोडला की घरातच दुहेरी नॅट तयार होते: सार्वजनिक पत्ता त्या पेटीला मिळतो आणि आपल्या राउटरच्या वॅन आयपीच्या जागी १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता येतो. यावर चांगला उपाय म्हणजे पेटी ब्रिज मोडमध्ये (राउटरचे काम न करता फक्त जोडणी पुढे देणाऱ्या स्थितीत) ठेवून घेणे आणि पुरवठादाराने दिलेले पीपीपीओईचे, म्हणजे जोडणी सुरू करण्याचे, वापरकर्तानाव व पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरणे. त्या पेटीच्या सेटिंगमध्ये शिरण्याची मुभा ग्राहकाला सहसा नसते, म्हणून सार्वजनिक पत्त्याची मागणी करतानाच ब्रिज मोडचीही करावी, म्हणजे एकाच भेटीत दोन्ही कामे उरकतात. ज्यांच्या घरी दूरध्वनीची जोडणीही त्याच पेटीतून आहे त्यांनी ब्रिज मोडनंतर ती चालू राहील ना, हे आधी विचारून घ्यावे.

आता प्रत्यक्ष अनुभव. मुंबईत वीज फारशी जात नाही, पण पावसाळ्यात क्षणभर डोळा मारून परत येते आणि तेवढ्याने राउटर पुन्हा सुरू होतो. रस्ता खणताना फायबर तुटणे हेही आपल्याकडे नित्याचेच. प्रत्येक वेळी पत्ता बदलतो. डकडीएनएसच्या नोंदीची मुदत म्हणजे टीटीएल ६० सेकंदांचा आहे, त्यामुळे जुना पत्ता इतर यंत्रांच्या स्मरणात फार काळ राहत नाही. क्रॉनची पुढची विनंती गेली की थोड्याच वेळात नाव नव्या पत्त्याकडे वळलेले असते. जास्तीत जास्त पाच-सात मिनिटांचा खंड पडतो आणि घरगुती कामासाठी तो पूर्णपणे स्वीकारार्ह आहे. राउटर आणि ओएनटी या दोन्हींना छोटा डीसी यूपीएस लावल्यावर क्षणिक झटक्यांनी पत्ता बदलणे जवळपास थांबले.

एक बारकावा येथे नोंदवण्यासारखा आहे. मी बाहेरून घरात शिरण्यासाठी वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून घरच्या जाळ्यात नेणारी सांकेतिक खासगी वाट, वापरतो. वायरगार्डच्या लिनक्सवरील साधनात समोरच्या टोकाचे नाव दिलेले असले तरी ते नाव जोडणी सुरू करतानाच एकदा पत्त्यात बदलले जाते. त्यानंतर घरचा पत्ता बदलला तर लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. जोडणी बंद करून पुन्हा सुरू केली की प्रश्न सुटतो, आणि ज्यांना हे आपोआप व्हायला हवे त्यांच्यासाठी वायरगार्डच्या साधनांसोबतच नाव पुन्हा तपासणारी एक छोटी स्क्रिप्ट दिलेली आहे. या अडचणीचे खापर अनेकदा डायनॅमिक डीएनएस सेवेवर फुटते, म्हणून तिचा उल्लेख केला.

सुरक्षेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. डायनॅमिक डीएनएस स्वतः कोणतेही दार उघडत नाही, ती फक्त घर दाखवते; दार उघडते ते पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून ठरावीक क्रमांकाच्या दारावर (पोर्टवर) आलेली विनंती घरातील एखाद्या यंत्राकडे वळवणे. दुर्दैवाने ही दोन कामे कॅमेरे बसवणाऱ्यांकडून एकाच बैठकीत होतात. सोसायट्यांमध्ये आणि दुकानांमध्ये मी अनेकदा पाहिले आहे की डीव्हीआरचे (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे) ८०, ५५४ आणि ८००० हे पोर्ट राउटरमधून थेट बाहेर काढलेले असतात, वापरकर्तानाव ॲडमिन असते आणि पासवर्ड बसवणाऱ्याने त्या भागातील साऱ्या ग्राहकांना एकच दिलेला असतो. याचा परिणाम काय होतो हे जगाने २०१६ साली पाहिले. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर मिराई या घातक प्रणालीने मोठ्या संख्येने ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्याच मदतीने डिन या कंपनीच्या डीएनएस यंत्रणेवर विनंत्यांचा असा भडिमार केला की ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी मोठमोठी संकेतस्थळे कित्येक तास अनेकांना उघडेनाशी झाली. डिन ही तीच कंपनी, जिच्या विनामूल्य डिनडीएनएस सेवेने घरगुती वापरकर्त्यांना डायनॅमिक डीएनएसची ओळख करून दिली होती.

म्हणून माझा आग्रह असा की बाहेरून एकच पोर्ट उघडा ठेवावा आणि तो व्हीपीएनचा असावा. आमच्या राउटरवर वायरगार्डचा ५१८२० हा यूडीपी पोर्ट रास्पबेरी पायकडे वळवलेला आहे आणि दुसरे काहीही बाहेर काढलेले नाही. योग्य किल्ली नसलेल्या कोणालाही वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे पत्त्यांची चाळण करत फिरणाऱ्या यंत्रांना तेथे काही चालू आहे याचाही पत्ता लागत नाही. व्हीपीएन जोडले की फोन जणू घरच्याच वायफायवर असतो. कॅमेरा, फाइली, राउटरचे पान, सारे आतल्या पत्त्यांनी उघडते. त्यासाठी रास्पबेरी पायचा आतला पत्ता राउटरमध्ये राखून ठेवावा, नाहीतर तो बदलला की फॉरवर्डिंग भलत्याच यंत्राकडे जाते. राउटरमधील यूपीएनपी बंद करावे, कारण त्यामुळे घरातील यंत्रे तुम्हाला न विचारता पोर्ट उघडू शकतात. टोकनही पासवर्डइतकाच जपावा. तो ज्याच्या हाती लागेल तो तुमचे नाव आपल्या यंत्राकडे वळवू शकतो, आणि मदत मागताना पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तो सहज दिसून जातो. तसे झाले तर डकडीएनएसच्या पानावरून नवा टोकन काढता येतो.

जुळणी झाल्यावर ती तपासताना फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासावे. काही राउटर घरातूनच घराच्या सार्वजनिक पत्त्यावर जाऊ देत नाहीत. ती सोय नॅट लूपबॅक या नावाने ओळखली जाते आणि ती नसली की घरात बसून सारे बिघडल्यासारखे वाटते, बाहेर मात्र व्यवस्थित चालत असते.

इतर सेवांशी तुलना करायची तर नो-आयपी ही सर्वांत जुन्या आणि परिचित सेवांपैकी एक आहे आणि जवळजवळ प्रत्येक राउटरच्या यादीत ती असते, हा तिचा मोठा गुण. पण तिच्या विनामूल्य नावाची दर ३० दिवसांनी ईमेलमधील दुव्यावर जाऊन पुष्टी करावी लागते. ज्याच्या घरी हे सारे कोणी दुसऱ्याने बसवून दिले आहे त्याच्या दृष्टीने ही अट जाचक आहे. एखादा ईमेल नजरेतून सुटला की नाव जाते आणि का गेले हे त्या गृहस्थाला कळत नाही. डिनडीएनएसची विनामूल्य सेवा तर मे २०१४ मध्ये बंदच झाली. राउटर कंपन्यांच्या स्वतःच्या सेवा बिनकटकटीच्या आहेत, पण त्या त्या कंपनीच्या राउटरला बांधलेल्या असतात. राउटर बदलला की नाव सोडावे लागते आणि मग घरातील प्रत्येक फोनमधील सेटिंग पुन्हा बदलावे लागते. डकडीएनएसचे नाव राउटरवर अवलंबून नाही, ही गोष्ट मला तिच्या विनामूल्य असण्यापेक्षाही महत्त्वाची वाटते.

उणिवा आहेतच. ही सेवा देणग्यांवर चालते. ती अखंड चालेल अशी लेखी हमी नाही आणि बिघाड झाल्यास फोन करण्यासाठी कोणी नाही. दवाखाना, दुकानाची बिलिंग यंत्रणा किंवा ज्यावर रोजची मिळकत अवलंबून आहे असे काहीही केवळ तिच्या भरवशावर ठेवू नये. तेथे स्थिर पत्त्याचे पैसे मोजणेच योग्य. शिवाय या सेवेच्या विनामूल्य नावांचा गैरवापर करणारेही असतात, त्यामुळे काही कार्यालयांच्या नेटवर्कवर अशी नावे सरसकट अडवलेली असतात. नो-आयपीच्या बाबतीत तर याची फार कडवट परिणती झाली होती: ३० जून २०१४ रोजी न्यायालयाच्या आदेशाने मायक्रोसॉफ्टने त्या सेवेची २२ डोमेन ताब्यात घेतली आणि गैरवापराशी काहीही संबंध नसलेल्या असंख्य वापरकर्त्यांची नावे काही दिवस बंद पडली.

ज्यांना सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता मिळणे अशक्य आहे त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या, कितीतरी मोठ्या पद्धतीची. जिओसारख्या मोठ्या जाळ्यांवर आयपीव्ही४ साठी सीजीनॅट असले तरी आयपीव्ही६ चा खरा सार्वजनिक पत्ता मिळतो, आणि डकडीएनएस तोही नोंदवून घेते. फक्त तो सेवा स्वतः ओळखत नाही, विनंतीत लिहून पाठवावा लागतो. आयपीव्ही६ मध्ये घरातील प्रत्येक यंत्राला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता असतो, त्यामुळे ज्या यंत्राकडे जायचे आहे त्याचाच पत्ता नोंदवायला हवा. राउटरने स्वतःचा पत्ता कळवला तर उपयोग होत नाही. राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या यंत्राच्या त्या एका पोर्टापुरती वाटही मोकळी करावी लागते, आणि स्वस्त राउटरांत त्यासाठीचे पान नसते. मोबाइल डेटावरून ही वाट सुरेख चालते, पण ज्या कार्यालयाच्या वायफायवर आयपीव्ही६ नाही तेथून ती बंद असते. दुसरी वाट टेलस्केलसारख्या सेवांची, ज्यांत दोन्ही टोके बाहेर जाणारी जोडणी करून मध्यस्थाच्या मदतीने एकमेकांना शोधतात. तेथे पोर्ट उघडावा लागत नाही आणि डायनॅमिक डीएनएसही लागत नाही. सीजीनॅटमधून सुटका नाही असे पुरवठादाराने स्पष्ट सांगितले असेल, तर राउटरशी झटापट करण्यात वेळ न घालवता मी हीच वाट सुचवेन.

विनामूल्य सेवेवर किती विसंबावे, हा प्रश्न मनात राहत असेल तर त्यालाही उत्तर आहे. स्वतःचे एखादे स्वस्त डोमेन नोंदवावे आणि त्यातील एका उपनावाची सीनेम नोंद डकडीएनएसच्या नावाकडे वळवावी. घरातील फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये आपल्या डोमेनचे नाव भरावे. उद्या डकडीएनएस बंद पडली किंवा तिच्याऐवजी दुसरी सेवा घ्यावीशी वाटली, तर डोमेनच्या पानावर ती एक नोंद बदलली की झाले. आईच्या फोनमधील सेटिंगला हात लावावा लागत नाही.